नावापुढचं नाव: कीटकशास्त्रज्ञाचा प्रभाव शोधायचा कुठे?

प्रश्न थोडक्यात असा. कराडला कृषीची पदवी घेऊन आता एम.एस्सी. कीटकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: "सेमिनारला 'एका कीटकशास्त्रज्ञाची संशोधन कारकीर्द आणि प्रभाव' हा विषय मिळालाय. डोळ्यांसमोर दोन नावं आहेत. एकांनी आयुष्यभर किडींचं वर्गीकरण केलं, दुसऱ्यांनी कीटकनाशकांच्या चाचण्या घेतल्या. दुसऱ्यांचा एच-इंडेक्स पहिल्यांच्या जवळजवळ तिप्पट आहे. मग प्रभाव कोणाचा जास्त म्हणायचा? मला स्वतःला वर्गीकरणात जायचंय, पण वडील म्हणतात, किड्यांना नावं ठेवून पोट भरतं का?"

तुमच्या वडिलांनी नकळत छान कोटी केलीय. आमच्या धंद्यात खरंच दोन जातीची माणसं असतात, किड्यांना नावं देणारी आणि नावं देणाऱ्यांना नावं ठेवणारी. मी बरीच वर्षं दुसऱ्या गटात होतो. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आधी माझी बाजू सांगतो, म्हणजे माझं म्हणणं कितपत मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. एम.एस्सी. करून मी एका सहकारी साखर कारखान्याच्या ऊसविकास विभागात लागलो. तिथे अकरा वर्षं काढली, मग शिकवणं आणि संशोधन. आता निवृत्त. वाळवा तालुक्यात राहतो, घरामागं पाऊण एकर आडसाली ऊस आहे. वर्गीकरण हा माझा विषय नव्हे. मी वर्गीकरणवाल्यांचं गिऱ्हाईक.

दोघांत मोठं कोण, हे ठरवणं मला तुमचा खरा प्रश्न वाटत नाही. एखाद्याच्या कामाने काही बदललं हे ओळखायचं कशावरून, आणि ते आकड्यात दिसत नसेल तर परीक्षकांपुढे मांडायचं कसं, इथे तुम्ही अडला आहात. सेमिनारचा आणि वडिलांचा, दोन्ही प्रश्न तिथेच येऊन मिळतात.

एच-इंडेक्सला मी शिव्या घालणार नाही. 2005 साली जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो सुचवला. तुमचे 20 लेख प्रत्येकी किमान 20 वेळा कुणीतरी संदर्भाला घेतले असतील तर तुमचा एच-इंडेक्स 20. सोपं आहे, आणि एकाच विषयातल्या, साधारण एकाच वयाच्या दोघांची तुलना करायला बरंही आहे. पण विषय बदलला की गणित कोलमडतं. कीटकनाशकांच्या चाचण्यांवर दरवर्षी ढिगाने लेख येतात आणि ते एकमेकांचे संदर्भ देतात. तुडतुड्यांच्या एखाद्या प्रजातीसमूहावर काम करणारी माणसं मात्र अख्ख्या जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. संदर्भ देणार कोण? तासगावच्या बेदाण्याचं पुडकं कारखान्याच्या वजनकाट्यावर ठेवलं तर आकडा हलणार नाही. त्यावरून बेदाण्याला वजनच नाही असं कुणी म्हणणार नाही.

माझंच उदाहरण घ्या. माझा सर्वांत जास्त सायटेशन (म्हणजे इतरांनी दिलेले संदर्भ) मिळालेला लेख म्हणजे उसातल्या दाणेदार औषधांची एक साधी तुलना. तीन औषधं, चार वेळा पुनरावृत्ती, शेवटी एक तक्ता. त्यातलं फोरेट 2020 संपता संपता देशात बंद झालं. लेखाला संदर्भ अजून मिळतात. ज्या कामामुळे माझ्या भागात चार शेतकऱ्यांचा तरी खर्च वाचला असेल, ते एका मराठी घडीपत्रिकेत छापलं होतं. तिचा हिशेब गुगल स्कॉलरकडे नाही.

आता 2002 च्या जुलैकडे येतो. प्रभाव म्हणजे काय, हे मला पुस्तकातून कळलं नाही, त्या पावसाळ्यात कळलं.

त्या महिन्यात सांगली जिल्ह्यात उसावर एक नवीन कीड दिसली. एक शेतकरी वर्तमानपत्रात गुंडाळून पान घेऊन ऑफिसात आला. म्हणाला, "सायेब, उसाला कापूस लागलाय." पानाच्या खालच्या बाजूला मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांनी पांढरी लोकर. तिच्यातून गळणाऱ्या चिकट्याने खालची पानं माखलेली, आणि चिकट्यावर काळी बुरशी. फडात शिरलेला माणूस बाहेर आला की डोकं-खांदे पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसत.

मी पान उलटंपालटं केलं आणि "पिठ्या ढेकणाचा प्रकार दिसतोय" म्हणून मोकळा झालो. द्राक्षात तो रोजचाच, त्यामुळे तोंडात तेच नाव आलं. फवारणी सांगितली. ऊस तेव्हा डोक्याच्या वर गेलेला, कीड पानाच्या खाली, पंप पाठीवर. औषध किडीपेक्षा फवारणाऱ्या गड्यालाच जास्त बसत होतं. पंधरा-वीस दिवसांत लोकर परत. तोवर तिने बांध ओलांडलेला असायचा, कारण जनावरांना वाडं नेताना आणि बेणं हलवताना पानांबरोबर आम्हीच ती गावोगाव पोचवत होतो.

मग जाणकारांकडून नाव आलं. सेरॅटोव्हॅक्यूना लॅनिजेरा झेंटनर; यातला शेवटचा शब्द म्हणजे जातीचं वर्णन करणाऱ्याचं नाव. मराठीत लोकरी मावा. पिठ्या ढेकूण नव्हेच.

नाव कळलं त्या दिवशी 105 वर्षांची फाईल उघडली. लिओ झेंटनर हा स्वित्झर्लंडचा माणूस. जावा बेटावर डच मळेवाल्यांच्या ऊस संशोधन केंद्रात तो किडींवर काम करत होता, पुढे कोकोकडे वळला, त्यानंतर ब्राझीलमधल्या बाहियात गेला. 1897 साली जावातल्या उसावरच्या या माव्याचं शास्त्रीय वर्णन त्याने छापलं. त्या एका नावाच्या धाग्याने पुढचं सगळं ओढून काढता आलं. आपल्याकडे 1958 मध्ये पश्चिम बंगालमधून या किडीची नोंद झालेली होती. पूर्वेकडे, ईशान्येकडे ती असायची, पण तिथे तिने असा धुमाकूळ घातला नव्हता. मग लगेच पुढचा प्रश्न पडतो, तिथे तिला आवरतं कोण? "पिठ्या ढेकूण" म्हणत बसलो असतो तर हा प्रश्न सुचलाच नसता. आम्ही द्राक्षातले पिठ्या ढेकणावरचे भुंगेरे आणून उसात सोडले असते आणि हात चोळत बसलो असतो.

ऑगस्ट-सप्टेंबरात त्याच लोकरीत एक मळकट रंगाची अळी दिसायला लागली, रेशमी जाळीत लपलेली. शेतकऱ्यांना वाटलं, आता अळीपण आली. खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं, आणि दोन-तीन ठिकाणी मी तिच्यावरही औषध सांगून बसलो. ती होती डिफा अफिडिव्होरा. पतंगवर्गातली, पण पानाला तोंड न लावणारी, मावा खाऊन जगणारी. बहुतेक अळ्या झाडपाला खातात, म्हणून माझी चूक अगदीच अनाडीपणाची नव्हती असं मी स्वतःला समजावतो. पण तिच्या नावातच लिहिलं होतं. अफिडिव्होरा म्हणजे मावा खाणारी. वाचायला कुणी तयार असतं तर.

हे नाव देणारा एडवर्ड मेरिक. हा माणूस विद्यापीठात नव्हता, कुठल्या संशोधन केंद्रातही नव्हता. इंग्लंडमधल्या मार्लबरो इथे शाळामास्तर होता, ग्रीक-लॅटिन शिकवायचा. उरलेल्या वेळात त्याने बारक्या पतंगांच्या 14,000 हून जास्त जातींची वर्णनं केली. आपल्याकडून बिहारमधल्या पुसाच्या संस्थेतून बेनब्रिज फ्लेचर त्याला नमुने पाठवत असे. 1938 मध्ये मेरिक वारला. उसाच्या फडात त्याने कधी पाऊल ठेवलं असेल असं वाटत नाही. तरी 2002 मध्ये वाळवा-शिराळ्याच्या फडात औषध मारायचं की हात आवरायचा, हे या मास्तरने लावलेल्या नावावर ठरलं.

दुसरा मित्र मायक्रोमस इगोरोटस बँक्स, तपकिरी पंखांचा जाळीदार कीटक. नेथन बँक्स या अमेरिकी शास्त्रज्ञाने फिलिपिन्समधल्या इगोरोत या डोंगरी लोकांवरून त्याचं नाव ठेवलं. तिसरा एन्कार्सिया फ्लॅव्होस्क्युटेलम, टाचणीच्या टोकाएवढी गांधीलमाशी. ती माव्याच्या अंगात अंडी घालते. ती ईशान्येकडून आणून इकडे सोडली गेली. तिच्या नावापुढे कोणाचं नाव आहे बघा. परत झेंटनर. कीड आणि तिचा काळ, दोघांना एकाच माणसाने जावातच टिपून ठेवलं होतं.

पुढचं काम हमालीचं होतं. डिफाचे कोष असलेले पानांचे तुकडे कात्रीने कापायचे आणि दुसऱ्या फडात नेऊन पानाला टाचायचे. कारखान्यांनी शेडनेटमध्ये डिफा वाढवायला घेतली. हेक्टरी डिफाच्या 1000 अळ्या किंवा मायक्रोमसच्या 2500, अशी शिफारस होती. या मित्रकिडींनीच सगळा मावा संपवला असं मी म्हणणार नाही. पाऊस, थंडी, उसाचं वय, लागणीची गर्दी, सगळ्याचा हात असतो, आणि एका फडातलं दुसऱ्या फडात तसंच घडत नाही. पण जिथे फवारणी थांबली तिथे डिफा टिकली, आणि जिथे दर पंधरवड्याला पंप चालला तिथे मावाच परत आला. एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

याच माव्याची अजून एक गोष्ट सांगतो. ती सांगायची गरज नाही, पण मला राहवत नाही. सेरॅटो म्हणजे शिंग. झेंटनरने 1897 मध्ये या माव्याच्या डोक्यावरची बारीक शिंगं पाहून नावात टाकली. शिंगं कशाला असतात हे त्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं. 1977 मध्ये शिगेयुकी आओकी या जपानी शास्त्रज्ञाने एका वेगळ्याच माव्यात सैनिक पिल्लं शोधली. स्वतः वाढायचं सोडून शत्रूवर तुटून पडणारी पिल्लं! मावा म्हणजे नुसता रस पिणारा गोळा, असं समजणाऱ्यांना हा धक्काच होता. 1984 मध्ये आओकी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की उसाच्या लोकरी माव्याची पहिल्या अवस्थेतली पिल्लंही शिंगांनी आपल्या भक्षकांवर हल्ला करतात. आओकीने हे सांगलीच्या उसासाठी केलं नव्हतं. निव्वळ कुतूहल. पण डिफाची अळी जाळी विणून आत का राहते, याचा विचार करताना मला दरवेळी ती शिंगं आठवतात.

आता तुमच्या आकड्यांकडे. 2004 मध्ये 'करंट सायन्स'मध्ये सुनील जोशी आणि सी. ए. विरक्तमठ यांचा लोकरी माव्यावरचा आढावा आला. कीड कुठली, जगते कशी, खातं कोण, करायचं काय, सगळं एका जागी. आम्ही सगळ्यांनी तो वापरला आणि त्याचे संदर्भ दिले, म्हणजे तो मोजला गेला. दोघेही मुळात वर्गीकरणातले हे लक्षात घ्या. विरक्तमठ सरांची तर हयात तुडतुड्यांत गेली. संकटाच्या वेळी अर्ज, प्रस्ताव, मंजुरी होईपर्यंत थांबायला सवड नसते, तेव्हा अशी आधीपासून तयार असलेली माणसंच कामाला येतात.

पण झेंटनरचं काय? मेरिकचं काय? लोकरी माव्यावरचा कुठलाही लेख काढा, किडीच्या नावापुढे "झेंटनर" आहे. मात्र मागच्या संदर्भसूचीत त्याचा 1897 चा लेख बहुतेक वेळा नसतो. जातीच्या नावापुढचं लेखकाचं नाव सायटेशन म्हणून धरलं जात नाही. म्हणजे माणसाचं नाव हजार वेळा घेतलं जातं आणि खात्यावर जमा काहीच नाही. वर्गीकरणवाल्यांचा एच-इंडेक्स कमी दिसण्याचं हे एक मोठं, अगदी कारकुनी कारण आहे. परीक्षकांना हे एका स्लाइडवर दाखवा. एकाच किडीवरचे पाच लेख घ्या, नाव किती ठिकाणी आलं आणि संदर्भसूचीत किती वेळा आलं, ते मोजून तक्ता करा. एक दुपारचं काम आहे, आणि ते तुमचं स्वतःचं निरीक्षण असेल.

वर्गीकरणाबाहेरही असं होतं, फक्त वेगळ्या वाटेने. 1954 मध्ये कॅलिफोर्नियात लसूणघासावर ठिपक्यांचा मावा आला. लोकांनी औषधांचा मारा केला, माव्यात प्रतिकारशक्ती आली, मित्रकिडी मेल्या. आपण पुढे जे केलं तेच. तिथल्या विद्यापीठातल्या स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन या चौघांनी 1959 मध्ये 'हिल्गार्डिया' या नियतकालिकात एक लेख लिहिला. कीड दिसली की फवारा, हे चूक. तिच्यामुळे होणारं नुकसान फवारणीच्या खर्चाच्या वर जाईल अशी वेळ येत असेल तरच फवारा, आणि ती वेळ येण्याच्या जरा आधी. आर्थिक नुकसानीची पातळी म्हणून तुम्ही पहिल्या सत्रात पाठ केलं ते हेच.

या लेखाला सायटेशन भरपूर आहेत, ते नाकारत नाही. पण त्याचा खरा पसारा कुठे आहे? 2018 मध्ये आपल्याकडे मक्यावर अमेरिकन लष्करी अळी आली. खटाव-माणच्या रानात कृषी सहायक झाडं मोजत फिरायचे. रोपावस्थेत 5 टक्के झाडांवर लक्षणं दिसली तर उपाय, पोंग्यात 10 टक्के. त्या सहायकाला स्टर्न कोण ते ठाऊक नाही आणि त्याचं काही अडत नाही. कल्पना अंगवळणी पडली की तिच्या मालकाचं नाव गळून पडतं. तेव्हा सायटेशन कमी झाली तर ती निरुपयोगी झाल्यामुळे कमी झाली की सगळ्यांची झाल्यामुळे, हे आकडा सांगत नाही. ते तुम्हाला वाचूनच कळणार.

काळाचाही घोळ असतो. एडवर्ड निपलिंग हा टेक्सासचा, अमेरिकी कृषी खात्यातला शास्त्रज्ञ. आपल्याकडे जनावराच्या जखमेत आसड्या पडतात, तशी त्यांच्याकडे स्क्रूवर्म नावाची माशी होती, जिवंत मांस खाणारी. तिची मादी आयुष्यात एकदाच नराशी संग करते. निपलिंगच्या डोक्यात 1930 च्या दशकाअखेर आलं, की वंध्य नर ढिगाने सोडले तर माद्यांची अंडी फुकट जातील आणि पिढ्यांमागून पिढ्या जात संपेल. पण नर वंध्य करायचे कसे, याचं उत्तर नव्हतं. लोक हसत. पुढे किरणोत्साराने ते जमलं. त्याचा सहकारी रेमंड बुशलँडने प्रयोगशाळेची बाजू सांभाळली आणि 1954 मध्ये कुरसाव बेटावरून काही महिन्यांत माशी नाहीशी झाली. निपलिंगचा गाजलेला लेख 1955 चा. त्यातलं गणित आठवीच्या पोराला कळेल इतकं साधं आहे, एवढ्या माद्या, एवढे नर, पुढच्या पिढीत उरतील एवढ्या. 1992 मध्ये दोघांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. 1950 साली कुणी या कल्पनेपुरता निपलिंगचा प्रभाव मोजला असता तर शून्य भरला असता.

आता नाव चुकलं तर काय होतं, तेही सांगतो. वडिलांना हेच सांगा. 1970 च्या दशकात आफ्रिकेत कसावाच्या पिकावर दक्षिण अमेरिकेतून एक पिठ्या ढेकूण आला. कसावा म्हणजे तिथल्या लोकांची भाकरी. 1977 मध्ये डॅनिएल मातिल-फेरेरो या फ्रेंच बाईंनी त्याला फेनाकोकस मॅनिहोटी हे नाव दिलं. त्याचे शत्रू शोधायला शास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात गेले. तिथे कसावावर अगदी तसाच ढेकूण सापडला, त्याच्यावरच्या गांधीलमाश्या गोळा करून पाठवल्या, पण त्या आफ्रिकेतल्या ढेकणावर वाढेनात. बारकाईने पाहिल्यावर कळलं, ती जातच निराळी. मग 1981 मध्ये खरी जात पराग्वेत सापडली, तिथली गांधीलमाशी नायजेरियात सोडली गेली आणि ती देशोदेशी पसरली. ती मोहीम चालवणाऱ्या हान्स हेरन यांना 1995 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. गंमत बघा, त्या चुकीच्या निघालेल्या जातीला नाव मिळालं फेनाकोकस हेरेनी.

लांब कशाला जायचं? 2008 मध्ये कोइमतूरला पपईवरचा पिठ्या ढेकूण पहिल्यांदा सापडला. ओळख पटायला वेळ लागला नाही, कारण 1992 मध्येच त्याचं वर्णन झालेलं होतं. 2010 मध्ये बेंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेने प्वेर्तो रिकोतून ॲसेरोफॅगस पपाये ही गांधीलमाशी आणली, आणि तिने कीड आवरली. ज्यांनी 1992 मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली मेणाचे धागे आणि ग्रंथींची छिद्रं मोजली, त्यांना त्या वर्षी कुणी विचारलं असेल, "याचा उपयोग काय?" तर त्यांच्याकडेही उत्तर नसणार.

जरा थांबून गोळाबेरीज करू. सायटेशन हा एक पुरावा आहे, पण तो विषयाच्या गर्दीवर, काळावर आणि संदर्भ देण्याच्या रीतीवर अवलंबून असतो. नावं देणाऱ्याचं श्रेय नावात मुरतं, कल्पना देणाऱ्याचं सवयीत. म्हणून मी प्रभाव पाहताना एकच विचारतो: हे काम झालं नसतं, तर पुढे कुठल्या माणसाने कुठल्या दिवशी चुकीचं काहीतरी केलं असतं?

आता सेमिनार. तुमच्या दोघांपैकी कोण निवडावं हे मी सांगणार नाही, कारण ते तुमच्या गाइडवर आणि हाताशी किती साहित्य आहे त्यावर ठरेल. चाचण्या करणाऱ्यांनाही मी कमी लेखत नाही. कुठलं औषध कुठल्या मित्रकिडीला मारत नाही, हे दाखवणारी एक नीट चाचणी शंभर भाषणांना भारी पडते. पण मी असतो तर जन्म, शिक्षण, पदं, पुरस्कार यांवर एका स्लाइडच्या वर वेळ घालवला नसता. ते सगळे करतात आणि मागच्या बाकावरचे तेव्हा मोबाइल काढतात. त्यांचा पहिला लेख आणि शेवटचा लेख शेजारी ठेवून वाचा. मधल्या वर्षांत त्यांचा प्रश्न बदलला का, की तोच प्रश्न खोल होत गेला? मग त्यांच्या कामातली एकच गोष्ट पकडा, एक जात, एक कल्पना किंवा एक चाचणी, आणि ती कागदावरून बांधापर्यंत कशी गेली ते पायरी पायरीने दाखवा. त्यांच्या हाताखालचे विद्यार्थी कुठे गेले, काय करतात, हे पाहा. त्यांनी जमवलेले नमुने कुठल्या संग्रहात आहेत, आणि ते आज कुणी उघडतं का, हेही. पुसाची संस्था 1934 च्या भूकंपात उद्ध्वस्त झाली आणि पुढे दिल्लीला हलली, पण तिथला कीटकसंग्रह आजही वापरात आहे. टाचणीला टोचलेला नमुना आणि त्याच्याखालची गाव-तारखेची चिठ्ठी शास्त्रज्ञापेक्षा जास्त जगते.

आणि एक स्लाइड चुकांची ठेवा. कुठल्याही मोठ्या माणसाची एखादी जात पुढे दुसऱ्यात विलीन झालेली असते, एखादी शिफारस मागे घ्यावी लागलेली असते. ते लपवलंत तर परीक्षक ओळखतात.

वडिलांच्या प्रश्नाला सरळ उत्तर: नुसत्या वर्गीकरणाच्या नोकऱ्या थोड्या आहेत. संशोधन संस्था, विद्यापीठं, प्राणी सर्वेक्षण, वनस्पती विलगीकरण केंद्रं. एआरएसची (कृषी संशोधन सेवेची) परीक्षा, नेट, आणि वाट पाहणं. मी खोटी आशा दाखवणार नाही. पण कीड ओळखता येणारा माणूस उपाशी राहिलेला मी पाहिलेला नाही, कारण तो इतर पन्नास कामांत लागतो. मित्रकिडींच्या प्रयोगशाळेत ट्रायकोग्रामाची (किडींच्या अंड्यांवर वाढणारी बारीक गांधीलमाशी) जात भेसळ झाली की त्यालाच बोलावतात. निर्यातीच्या द्राक्षपेटीत एक पिठ्या ढेकूण सापडला, तर तो कुठला यावर अख्ख्या कंटेनरचं भवितव्य ठरू शकतं. म्हणून वर्गीकरण घ्याच, पण जोडीला एक चालू धंदा ठेवा, जैविक नियंत्रण असेल किंवा किडींचं सर्वेक्षण. डीएनए बारकोडिंग, म्हणजे डीएनएच्या तुकड्यावरून जात ओळखणं, शिका. मात्र त्याच्या भरवशावर सूक्ष्मदर्शक सोडू नका. ज्या जातीचा खात्रीचा नमुना आधी कुणी ओळखून ठेवलेला नाही, तिचा बारकोड जुळवणार कशाशी?

जमलं तर ऑगस्टमध्ये वडिलांना घेऊन कृष्णाकाठच्या एखाद्या आडसाली फडात जा. दहापट मोठं दिसणारं भिंग शंभर-दोनशे रुपयांत मिळतं. लोकरी मावा अजून कुठे कुठे बांधाकडेला दिसतो. लोकर हलक्या काडीने बाजूला करा, जाळीतली अळी सापडली तर ती वडिलांच्या तळहातावर ठेवा आणि विचारा, हिच्यावर औषध मारायचं का? ते काय म्हणतात ते मला नक्की कळवा.

आणि हो, पहिल्या स्लाइडवर नावं टाकताना कंस तपासून घ्या. डिफा अफिडिव्होरा (मेरिक), इथे कंस हवा, कारण मेरिकने ती दुसऱ्या प्रजातीत (जीनसमध्ये) टाकली होती आणि नंतर ती हलवली गेली. सेरॅटोव्हॅक्यूना लॅनिजेरा झेंटनर, इथे कंस नको. त्याने ठेवलं तिथेच ते आजही आहे.